‘व्हिजिटिंग’ म्हणजे व्हिजिटर व्हिसा नव्हे, काकू!

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांना मानववंशशास्त्राचे व्हिजिटिंग प्रोफेसर हवेत. एमए पुरे, समाजशास्त्रवालेही चालतात. निमंत्रणपत्र आम्ही आणतो, व्हिजिटर व्हिसावर जा, वर्षभरात कायम व्हा. नोंदणी २५,००० रुपये.’ शेजारच्या काकूंनी तो मला पाठवून खाली विचारलंय, ‘मनूसाठी भरू का?’

अजिबात नाही.

सगळ्यात घातक भाग व्हिसाचा. पदाच्या नावात ‘व्हिजिटिंग’ आहे म्हणून व्हिसाही व्हिजिटरचा, हे कुठल्या डोक्यातून निघालं कोण जाणे. बी-१ व्हिसावर, म्हणजे कामानिमित्त येणाऱ्यांच्या व्हिजिटर व्हिसावर, पगारी नोकरी करता येत नाही. मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, तेवढं देऊन टाकतो: १९९८च्या अमेरिकी कायद्याने या व्हिसावर विद्यापीठात व्याख्यान देऊन मानधन घ्यायची मुभा दिली आहे. पण एका संस्थेत फार तर ९ दिवस, आणि ६ महिन्यांत जास्तीत जास्त ५ संस्था. वर्ग मंगळवार-गुरुवारी असेल तर ९ दिवसांत तीनच तास होतात, आणि सेमिस्टर असतं साधारण पंधरा आठवड्यांचं!

वर्षभर शिकवायला बहुधा जे-१ लागतो, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाचा (एक्स्चेंज व्हिजिटर) व्हिसा. त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी कॉलेजचं ऑफर लेटर, मग डीएस-२०१९ फॉर्म (या कार्यक्रमात घेतल्याचं प्रमाणपत्र), २२० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थी-पाहुण्यांच्या सरकारी नोंदणीची), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. डीएस-२०१९ अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्थाच काढते. मेसेज पाठवणाऱ्या एजंटाला तो छापता येत नाही. बी-१ वर उतरून विमानतळावर ‘वर्षभर शिकवायला आलेय’ म्हणालात, तर परतीचं विमान. वर तातडीच्या हकालपट्टीचा हुकूम निघाला तर ५ वर्षं प्रवेशबंदी.

‘वर्षभरात कायम’ ही तर थापच. जे-१च्या प्राध्यापक गटात टेन्युअर ट्रॅकच्या, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या, पदाचा उमेदवार चालतच नाही, असा नियमच आहे. शिवाय या जागा निघतात कशा? लिबरल आर्ट्स कॉलेजं म्हणजे पदवीच्या शिक्षणावर भर देणारी छोटी कॉलेजं. तीन-चार शिक्षकांच्या विभागातला एक जण सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) जातो, त्याचे वर्ग कुणीतरी घ्यायचे असतात. तो परतला की तुमचा करार संपला. आणि एकदा हा जे-१ कार्यक्रम पुरा केला की त्याच गटात पुन्हा यायला २४ महिने थांबायचं.

‘एमए पुरे’? बहुतेक जाहिराती पीएचडी मागतात. प्रबंध तेवढा बाकी असलेला चालतो, असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. वर्षाला पाच-सहा कोर्स, त्यात प्रास्ताविक मानववंशशास्त्र आणि बऱ्याचदा क्षेत्रकार्याच्या पद्धती. म्हणून अर्जाबरोबर त्या कोर्सचा नमुना अभ्यासक्रम मागतात: कुठल्या आठवड्याला काय वाचायचं, गुण कशाला किती. शोधनिबंध भारी आणि अभ्यासक्रम अर्धा पान, असा अर्ज तिथेच पडतो. तीन संदर्भपत्रंही लागतात, ती मार्गदर्शक परस्पर पाठवतात. ऑगस्टच्या जागांच्या जाहिराती साधारण जानेवारी ते मे.

‘समाजशास्त्रवालेही चालतात’ असंही त्यात आहे. काही ठिकाणी, हो. मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात दोन्ही विषयांचा विभाग एकच आहे. पण पीएचडीची अट तिथेही सुटत नाही, आणि मनू अजून एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

अशा अर्जाला कॉलेजं पैसे घेत नाहीत. मग हे २५,००० कशाचे? त्या नंबरवर एवढंच विचारा, काकू: डीएस-२०१९ कोणती संस्था काढणार आहे, तिचं नाव आधी पाठवा.