सहा पाकळ्यांचा नकार

वस्तू पुन्हा उघडता यावी म्हणून तिला स्क्रू लावतात. ती कधीच उघडू नये असे वाटत असेल, तर रिबिट ठोकण्याची किंवा झाकण चिकटवून टाकण्याची सोय कारखानदारांना फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. परंतु लॅपटॉप बनवणाऱ्या मंडळींनी या दोहोंच्या मधला मार्ग शोधून काढला आहे. स्क्रू लावायचा, तो गिऱ्हाइकाला नीट दिसेल असा लावायचा, आणि त्याच्या डोक्यावर अशी खाच पाडायची की घरातल्या एकाही हत्याराला तो दाद देऊ नये.

माझ्या लॅपटॉपचा पंखा उन्हाळा लागल्यापासून घरघरू लागला होता. पंख्यातली धूळ काढणे हे काही शस्त्रक्रियेचे काम नव्हे. मऊ ब्रश, थोडी फुंकर आणि खालचे झाकण उघडण्याची मुभा एवढ्यावर ते भागते. पहिल्या दोन गोष्टी माझ्याकडे होत्या. लॅपटॉप उपडा केला, तेव्हा दिसले की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सहा पाकळ्यांचे एक सुबक फूल कोरलेले आहे आणि ते दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. जाणकार या मापाला टी-पाच म्हणतात. टी-सहा त्याहून जेमतेम पाव मिलिमीटरने मोठा असतो. तेवढ्या फरकाने तो आत जात नाही, आणि टी-चार आत जाऊन नुसता गरगर फिरतो.

घरात सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. ‘चपट्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक दोन पाकळ्यांत अडकवून पाहा,’ असे शेजारच्या काकांनी सुचवले. त्यांच्या स्वतःच्या इस्त्रीचे स्क्रू आता कोणत्याच आकाराचे उरलेले नाहीत, हे मला ठाऊक होते. खाचेवर रबर बँड ठेवून वरून दाबण्याची युक्ती भाच्याने सांगितली. ती झिजलेल्या फुलीच्या स्क्रूला कधीमधी लागू पडते, परंतु इथे रबर बँडची जाडीच खाचेपेक्षा अधिक होती. ‘अहो, दुकानात नेऊन द्या ना,’ असे बायको म्हणाली. दुकानात विचारले, तर नुसते उघडून पाहण्याचे वेगळे पैसे सांगण्यात आले.

या सहा पाकळ्यांचा जन्म मात्र दुष्ट हेतूने झालेला नाही, हे मान्य केले पाहिजे. कॅनडातल्या रॉबर्टसन यांनी १९०८च्या सुमारास चौकोनी खाचेचा स्क्रू आणला. पुढे अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांच्या नावाचा फुलीचा स्क्रू १९३६ साली कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यात शिरला, कारण फुलीत टोक आपोआप मध्यावर बसते आणि यंत्राने भराभर स्क्रू पिळता येतात. त्याचा अवगुण असा की जोर वाढला की टोक वर सरकते आणि खाचेच्या कडा खाऊन टाकते. १९६७ साली आलेल्या टॉर्क्सच्या सहा पाकळ्यांनी हा दोष बऱ्याच अंशी घालवला. त्यामुळे सहा पाकळ्यांना मी माफ करायला तयार आहे. परंतु त्याच फुलाच्या मध्यभागी एक बारीक खुंटी उभी करून साधे टॉर्क्ससुद्धा आत जाऊ न देणारे, आणि २००९पासून लॅपटॉपमध्ये पाच पाकळ्या आणणारे जे कोणी आहेत, त्यांनी पकड सुधारण्यासाठी हे केले असे मला कोणी सांगू नये.

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो आणि ‘स्टार’ मागितला. दुकानदाराने तत्काळ फुलीचा स्क्रू ड्रायव्हर पुढे केला, कारण आपल्या बाजारात फुलीलाच स्टार म्हणतात. ‘सहा टोकांचा, अगदी बारीक,’ असे मी बोटांनी दाखवले.

‘मोबाइलवाल्यांचा हवाय होय? मग तसं सांगायचं ना, साहेब. सुटा नाही मिळणार, सेटच घ्यावा लागेल.’

सेटमध्ये टी-पाच होता. त्याच्यासोबत तीन पात्यांची, त्रिकोणी, चौकोनी अशी अनेक टोके ओळीने मांडलेली होती, आणि त्यांतले प्रत्येक टोक कुठल्या तरी कारखान्याने कुणाला तरी बाहेर ठेवल्याची साक्ष देत होते.

पहिला स्क्रू सुटताना बारीकसा ‘टच्’ असा आवाज झाला. त्याच्या आट्यांवर निळसर लेप होता. हादऱ्यांनी स्क्रू ढिला होऊ नये म्हणून तो लावतात. सगळे स्क्रू निघाले, तरी झाकण बिजागरीच्या बाजूने हलेना, कारण उरलेले दोन स्क्रू रबरी पट्टीच्या खाली लपवलेले होते. शिवाय बिजागरीजवळचे स्क्रू लांब आणि पुढचे आखूड. लांब स्क्रू चुकून पुढे बसवला, तर तो आतल्या सर्किटला जाऊन भिडू शकतो. म्हणून झाकणाचा आराखडा कागदावर काढून एकेक स्क्रू त्याच्या जागी ठेवला, आणि घरातला छताचा पंखा बंद करून सर्वांना उकाड्यात बसवले.

झाकण निघाले. पंख्याच्या पात्यांमागे, गरम हवा जिथून बाहेर पडते त्या जाळीवर, धुळीचा राखाडी थर इतका घट्ट बसला होता की तो चिमट्याने एका तुकड्यात उचलता आला. आणि तो पंखा, ती बॅटरी, ती हार्ड डिस्क, म्हणजे ज्यांना खरोखर जपायला हवे असे सगळे भाग, साध्या फुलीच्या स्क्रूंनी बसवलेले होते.

सेटची बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. काकू मिक्सर घेऊन आल्या. त्याच्या बुडाला त्रिकोणी खाचेचे स्क्रू होते, आणि त्रिकोणी टोक माझ्याकडे होते, म्हणून मी मोठ्या रुबाबात मिक्सर मांडीवर उपडा घेतला. स्क्रू एका अरुंद नळीत बोटभर खोल होता, माझे टोक जेमतेम पेराएवढे होते, आणि ते धरणारी दांडी त्या नळीपेक्षा जाड होती.