डरबनला जाताय? गांधीजींना ट्रेनमधून उतरवलं ते स्टेशन तिथे नाहीये

दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनमध्ये काय काय बघावं याचा एक मेसेज फिरतोय, त्यात लिहिलंय की गांधीजींना ट्रेनमधून ढकलून दिलं ते स्टेशन डरबनचं. हे चुकीचं आहे. डरबनला ते गाडीत बसले होते, फर्स्ट क्लासचं तिकीट हातात असूनही त्यांना उतरवलं ते पीटरमॅरिट्झबर्गला, ७ जून १८९३ च्या रात्री. ते गाव डरबनपासून साधारण ८० किमी आत, डोंगराकडे, त्यामुळे जूनमध्ये तिथे कडाक्याची थंडी (तिकडे तेव्हा हिवाळा असतो), आणि ओव्हरकोट सामानात राहिलेला, सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात, म्हणून ते रात्रभर वेटिंग रूममध्ये कुडकुडत बसले. लाल विटांचं ते जुनं स्टेशन आजही आहे, एक दिवस काढून नक्की जा.

मग डरबनमध्ये काय? तर इनांडाजवळचा फिनिक्स आश्रम, १९०४ साली गांधीजींनी वसवलेला. त्यांचं वृत्तपत्र ‘इंडियन ओपिनियन’ इथूनच छापलं जायचं. त्यांचं ‘सर्वोदय’ घर १९८५ च्या दंगलीत जळालं, आता दिसतं ते पुन्हा बांधलेलं. जवळच ओहलांगे शाळा आहे, मंडेलांनी १९९४ च्या निवडणुकीत मत तिथेच टाकलं. मेसेजमध्ये या दोन्ही जागांचं नावच नाही, याचं खरंच वाईट वाटतं.