समतोलाशी झटापट

रासायनिक समतोल हे प्रकरण मुलीला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरातील इतर सर्वांनी ऐन वेळी महत्त्वाची कामे काढली. नावावरून सोज्वळ वाटणाऱ्या या प्रकरणाच्या पोटात क्षणाची उसंत नाही. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया होत असतो, अमोनिया तितक्याच वेगाने मोडून पुन्हा नायट्रोजन आणि हायड्रोजन होत असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पात्रात काहीही घडताना दिसत नाही. एवढी धावपळ होऊन निष्पन्न काहीच नाही, याचे मुलीला नवल वाटले. कचेरीत आयुष्य घालवलेल्या मला वाटले नाही.

"मग दोन्ही बाजूंचे पदार्थ निम्मेनिम्मे असतील ना?" तिने विचारले. तसे नसते, सारखे असतात ते वेग, प्रमाण कितीही विषम असू शकते.

पुढे ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली मांडलेले तत्त्व येते: समतोलावर बदल लादला, तर त्या बदलाचा परिणाम कमी होईल अशा दिशेने तो सरकतो. एका वाक्यात मावणारे तत्त्व पाहून विद्यार्थी खूश होतात आणि प्रश्नपत्रिका काढणारे त्याहून खूश होतात. पात्र आकसून दाब वाढवला, तर वायूचे रेणू कमी असतील त्या बाजूला कल जातो, म्हणून अमोनिया वाढतो, कारण तिथे चार रेणूंचे दोन होतात. पण त्याच पात्राचे आकारमान न बदलता आत हेलियम भरला, तर दाबमापकाचा काटा वर चढूनही समतोल तसूभर हलत नाही. उत्प्रेरक घातला, तर तो मुक्कामाला लवकर पोहोचवतो, मुक्काम बदलत नाही.

माझी खरी परीक्षा घेतली ती नायट्रोजन डायऑक्साइडने. या तपकिरी वायूचे दोन रेणू जुळले की रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड होतो. तोंड बंद केलेल्या सिरिंजमधील हा वायू दाबला तर काय होईल, असे विचारल्यावर तत्त्व मुखोद्गत असलेल्या मुलीने "फिकट होईल" असे ठणकावून सांगितले. चित्रफितीतील वायू आधी चांगलाच गडद झाला, मग थोडा फिकटला आणि तरीही मूळ रंगापेक्षा गडदच राहिला. जणू हा कट मीच रचला होता, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. वास्तविक यात फसवणूक नाही: तेवढेच रेणू कमी जागेत आले म्हणून रंग दाटला, आणि त्यानंतर काही जोड्या जमल्या म्हणून थोडा उतरला. समतोल विरोध करतो, पण झालेला बदल पुरता पुसून टाकत नाही, ही गोष्ट त्या सुटसुटीत वाक्यात कुठेही ठळकपणे येत नाही.

म्हणून मी सरळ अभिक्रिया भागफलाचा आश्रय घेतला. उत्पादितांच्या, म्हणजे तयार झालेल्या पदार्थांच्या, संहती (ठरावीक जागेतील प्रमाण) वर, अभिकारकांच्या, म्हणजे मूळ पदार्थांच्या, खाली, योग्य त्या घातांसह. हा भागफल समतोल स्थिरांकापेक्षा, म्हणजे समतोल आल्यावर याच भागफलाची जी ठरावीक किंमत असते तिच्यापेक्षा, कमी असेल तर अभिक्रिया पुढे सरकते, जास्त असेल तर मागे. हेलियमने संहती बदलत नाहीत, म्हणून भागफलही बदलत नाही, आणि वाद मिटतो. खुद्द स्थिरांकाला हात लावू शकते ते फक्त तापमान.

हे तापमानच अमोनियाच्या कारखान्यात डोकेदुखी ठरते. अभिक्रिया उष्मादायी असल्याने थंडपणा तिला मानवतो, पण थंडपणात तिचा वेग रेंगाळतो. म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक, २०० वातावरणांच्या आसपास दाब आणि सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस, अशी तडजोड करावी लागते. एवढे करूनही एका फेरीत बहुतेक वायू तसाच बाहेर येतो. अमोनिया थंड करून बाजूला काढतात आणि उरलेला वायू पुन्हा आत पाठवतात.

"मग तापमान कमी ठेवून वाट का पाहत नाहीत?" मुलीने विचारले. समतोल येईल, मी म्हणालो, पण तोवर तुझी नातवंडे हेच प्रकरण वाचत असतील.