मुलूख जिंकला, पण सांभाळायचा खर्च कोण भरणार?

साम्राज्य उभारायचा कुठलाही बोर्ड गेम हातात आला की नकाशा, सोंगट्या, चित्रं हे सगळं मी नंतर बघते. आधी रूलबुकात एकच शोधते: जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवायचा खर्च कुणाच्या खिशातून जातो? त्याचं उत्तर नसेल तरी खेळ मजेचा असू शकतो, दुपार छान जाते. पण त्याला इतिहासाचा खेळ म्हणायला माझी तयारी नाही.

'रिस्क' घ्या. १९५७ साली फ्रान्समध्ये निघाला, आपल्याकडे तो बऱ्याच घरांत असतो. जगाचे ४२ प्रदेश, त्यात अख्खा हिंदुस्थान म्हणजे एक प्रदेश. पूर्ण आशिया हातात आला की दर खेपेला ७ सैन्यं जादा मिळतात. म्हणजे मुलूख जितका मोठा तितकी फौज मोठी. ती फौज खाते काय, तिचा पगार थकला तर काय होतं, याचा पत्ताच नाही. आणि आपल्याला शाळेपासून माहीत आहे की १७६० साली दिल्ली हातात असूनही भाऊसाहेबांना फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून वितळवावं लागलं होतं. दिल्ली जिंकल्याने तिजोरी भरली नाही, उलट खर्च अंगावर आला. पानिपतावर पुढे जे झालं त्यात उपासमारीचा वाटा केवढा होता ते सांगायला नको.

'थ्रू द एजेस' या बाबतीत फार पुढे आहे. व्लादा ख्वातिलचा हा खेळ २००६ साली आला आणि २०१५ साली सुधारून पुन्हा निघाला. त्यात धान्य आणि माल साठवत गेलात की भ्रष्टाचार वाढतो, लोक नाराज झाले की उत्पादन ठप्प होतं. राज्य वाढवण्याची किंमत दर फेरीला हातात जाणवते. माझी तक्रार एवढीच, की तिथे कुठलीही संस्कृती कुठलीही होऊ शकते. ताजमहाल ज्याला परवडेल त्याचा. हिशोब पक्का आहे, पण तो कुठल्याच गावचा नाही.

आता ज्या खेळासाठी ही पोस्ट लिहायला बसले तो: 'जॉन कंपनी', दुसरी आवृत्ती, २०२२. डिझायनर कोल वेर्ली. विषय आपली ईस्ट इंडिया कंपनी. गेले कित्येक रविवार आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी हाच डाव चालू आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय: साम्राज्यावरचा इतका प्रामाणिक खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

कारण यात तुम्ही साम्राज्य चालवतच नाही. तुम्ही इंग्लंडमधलं एक कुटुंब असता. कंपनी सगळ्यांची सामाईक. तुमचे मुलगे, पुतणे कंपनीत चिकटवायचे, कुणी मुंबईला, कुणी मद्रासला, कुणी बंगालला. एकजण चेअरमन होतो, एकजण जहाजं बघतो, एकजण लष्कर. प्रत्येकाचा डोळा आपल्या माणसाने चार पैसे गाठीला बांधून निवृत्त व्हावं आणि इंग्लंडात मानाने राहावं यावर. गुण त्याचेच मिळतात. हिंदुस्थानचा किती भाग कंपनीने घेतला याचे थेट गुण कुणालाच नाहीत. मुलूख घेतला जातो तो कुणाच्या तरी बढतीसाठी, कुणाच्या तरी लुटीसाठी.

फाशांची रीत बघा. कुठलंही काम करायचं तर जितके पौंड खर्च कराल तितके फासे टाकायचे, आणि त्यातला सर्वांत लहान आकडा धरायचा. १ किंवा २ आला तर काम फत्ते. ३ किंवा ४ आला तर फसलं. ५ किंवा ६ आला तर फसलंच, वर अधिकाऱ्याची नोकरी गेली. एका फाशावर यशाची शक्यता तीनात एक, दोन फाशांवर निम्म्याहून थोडी जास्त, तीन फाशांवर साधारण ७० टक्के. म्हणजे पैसा ओतला की जोखीम कमी होते, पण तो पैसा कंपनीचा, चेअरमनने वाटून दिलेला. चेअरमनचा हात सैल की आखडता, यावर साता समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाचं भवितव्य ठरतं. एवढ्याशा नियमात संपूर्ण कंपनीचं राजकारण येतं.

मागच्या महिन्यातला एक डाव सांगते. माझे सासरे चेअरमन होते. बँकेत उभी हयात गेली, त्यामुळे कर्ज काढायला त्यांचा हात उचलत नाही. नणंदेकडे मुंबईचं लष्कर. व्यापार मंदावलेला, तिजोरीत खडखडाट, आणि हिने फौज मराठा प्रदेशावर काढली.

"अगं, तिजोरीत तीन पौंड उरलेत, निघालीस कुठे?"

"बाबा, तिजोरी कंपनीची आहे. लूट माझी आहे."

फासे चांगले पडले. लूट तिच्या आणि तिच्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांकडे गेली. नवा प्रदेश आणि तिथल्या फौजेचा खर्च कंपनीच्या वहीत पडला. सासऱ्यांना पुढच्या फेरीत कर्ज काढावंच लागलं, लाभांश बुडाला, कंपनीची पत घसरली. टेबलवरच्या सगळ्यांचं नुकसान झालं आणि हिचा एक पुतण्या मात्र थाटात निवृत्त झाला. पाचही जणांनी आपापल्या परीने शहाणपणाचीच चाल केली होती, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

हे ठाण्यात बसून खेळताना अंगावर येतं, कारण ठाण्याचं नेमकं हेच झालं होतं. सेंट्रल जेलच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहा. ती मूळची किल्ल्याची भिंत. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला, १७३७ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी तो जिंकला, ठाणे ज्यावर आहे ते साष्टी बेट परत घ्यायला पोर्तुगीज आरमार आणतायत असं निमित्त पुढे करून. खरं दुखणं पैशाचं होतं. मुंबई इलाख्याचा खर्च मिळकतीहून जास्त, बंगालच्या पैशावर गाडा चाललेला, आणि समोर साष्टीची भातशेती दिसत होती.

गंमत पुढेच आहे. १७७३ च्या कायद्याने मुंबईला लढाई आणि तहासाठी कलकत्त्याच्या, म्हणजे तिथल्या गव्हर्नर-जनरलच्या, परवानगीची गरज होती. मुंबईच्या कौन्सिलाने ती घेतली नाही. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेला तह केला. कलकत्त्याने तो रद्द ठरवून कर्नल अप्टनला पाठवलं आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. तेवढ्यात लंडनच्या संचालकांनी सुरतेच्याच तहाला पसंती कळवली! मुंबईकरांना हेच हवं होतं. पुन्हा फौज निघाली, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली, तरी लढाई थांबली नाही. १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला तेव्हा साष्टी कंपनीकडेच राहिली. एका कंपनीची तीन टोकं, तिन्हींचे हितसंबंध वेगळे, आणि आपलं गाव त्यांच्या ओढाताणीत गेलं. शाळेत मी हे तह सनावळी म्हणून पाठ केले होते. या खेळाने त्यामागची माणसं दाखवली: कोण घाईत होता, कुणाला मुदत संपायच्या आत नाव कमवायचं होतं.

आता जिथे माझं पटत नाही ते. या टेबलवर हिंदुस्थानी माणसाला खुर्ची नाही. मराठा, म्हैसूर, हैदराबाद, पंजाब, दिल्ली हे सगळे नकाशावरचे मनोरे. त्यांचं राजकारण पत्त्यांची गड्डी चालवते. हत्तीची एक सोंगटी असते, ती जिथे असेल तिथे पुढची उलथापालथ होते. एक राज्य दुसऱ्याला मांडलिक करतं, उठाव होतात, साम्राज्यं उभी राहतात आणि मोडतात. नकाशा जिवंत राहतो हे कबूल. लंडनच्या दिवाणखान्यातून हिंदुस्थान असाच दिसत असणार, न कळणारा आणि अचानक उसळणारा, म्हणून डिझायनरने तो तसा ठेवला. त्याचा हेतू मला पटतो. पण १७८० साली नाना फडणवीसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना कंपनीविरुद्ध एका बाजूला आणलं, ती गोष्ट पत्ता उलटल्याने घडली नव्हती. त्यामागे पत्रं होती, वकील होते, महिनोन्‌महिन्यांची मसलत होती. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्यातले ताण एका मनोऱ्यात कोंबले की महादजींसारखा माणूस दिसेनासाच होतो.

खेळासोबतच बजावलेलं आहे की विषय कठोर आहे, बसण्याआधी सगळ्यांची तयारी आहे का विचारून घ्या. हे खरंच विचारा. माझी एक मैत्रीण पहिल्या फेरीनंतर उठली. म्हणाली, "माझ्याच्याने ही लूट मोजवत नाही." तिचं काही चुकलं नाही. तिला आग्रह करणाऱ्यांना मी गप्प केलं.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. चार-पाचजण हवेत, कमी माणसांत सौदेबाजीची मजा जाते. तीन-चार तास धरून चाला. नियम एकाने आधी नीट वाचून ठेवावेत. पहिल्यांदा १७१० पासून सुरू होणारा डाव लावा, १८१३ चा नंतर. त्यात कंपनीची मक्तेदारी सुटून खासगी पेढ्या येतात आणि डोक्याला दुप्पट काम पडतं. परदेशातून मागवायचा तर महाग पडतो, म्हणून दोन-तीन घरांत मिळून घ्या.

आणि आता माझं खरं मागणं. मराठ्यांच्या राज्यावर असाच हिशोबी, न भिणारा खेळ मराठी माणसाने करायला हवा. भगवे झेंडे आणि तलवारी लावून केलेला 'रिस्क' नको. सामग्री आपल्याकडे काठोकाठ आहे. चौथाईचे २५ टक्के, सरदेशमुखीचे १० टक्के, ती वसूल करायला लागणारी फौज, त्या फौजेसाठी सरदाराला तोडून दिलेला मुलूख म्हणजे सरंजाम, आणि सरंजाम मिळाला की पुण्याचं ऐकेनासा होणारा सरदार. पहिल्या बाजीरावांनी कर्जाने जेरीस येऊन आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना पत्रं लिहिली आहेत, मग सावकार हा त्या टेबलवरचा एक खेळाडूच असायला हवा. किल्ल्यांसाठी रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आहे. गडावर कोण, किती, कसे नेमावेत हे त्यात इतकं तपशिलात आहे की अर्धे नियम आयतेच मिळतील. आणि ऋतू! दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्याआधी छावणीला परत. प्रत्येक फेरी म्हणजे एक मोहिमेचा हंगाम. लांब गेलात तर लूट मोठी, पण वेळेत परतला नाहीत तर परमुलखात छावणीचा खर्च, आणि सावकाराचं व्याज घरी वाढतंय. मुलूख घ्यायचा की चौथाईवर भागवायचं, हा पेशव्यांपुढचा खराखुरा प्रश्न दर फेरीला खेळाडूपुढे येईल.

हरण्याची सोयही त्यात हवी. पुण्याचा खेळाडू आणि सरदार एकमेकांशी भांडत बसले तर सगळ्यांचाच डाव बुडायला हवा, जशी 'जॉन कंपनी'त कंपनी बुडू शकते. काहींना हे आवडणार नाही. ज्यांना ते राज्य मनापासून प्रिय आहे त्यांना हे टेबलवर बघण्याची ताकद असते, असं मला वाटतं.

ठाणे, डोंबिवली, वाशी, बेलापूर, कुठेही कुणी असं काही कागदावर मांडलं असेल तर कळवा. पुठ्ठ्याचा नकाशा आणि हाताने लिहिलेले पत्ते असले तरी चालतील. खेळून बघायला आम्ही पाचजण तयार आहोत, रविवारी दुपारी. सासरे सावकार व्हायला आधीच हटून बसलेत.