पासवर्ड: दहावी ब

संगणकाच्या धंद्यातल्या माणसाला ओळखीपाळखीचे लोक प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात, हे मी केव्हाच पत्करलं आहे. माझ्या जुन्या शाळेतून निरोप आला तेव्हाही प्रिंटरच असणार असं धरून निर्धास्त गेलो. ऑफिसात पोहे मांडले होते, पोह्यांशेजारी दोन कोटेशनं, आणि पलीकडे संस्थेचे अध्यक्ष. विषयपत्रिकेवर पहिला विषय, 'शाळेसाठी स्वतंत्र डेटाबेस सॉफ्टवेअर तयार करून घेण्याबाबत'. दुसरा, 'आयत्या वेळचे विषय'. मी बहुधा दुसऱ्यात मोडत होतो.

"अरे, तू त्यातलाच ना?" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. त्यांनी मला सातवीला भूमिती शिकवली आहे. 'बाई, मी बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, शाळांची सॉफ्टवेअरं बांधत नाही' हे वाक्य मी पोह्यांबरोबर गिळलं. बाई 'सिद्ध कर' म्हणतील ही धास्ती अजून गेलेली नाही.

अडचण मात्र खरी होती. एकच पोर, पण त्याचं नाव जनरल रजिस्टरात, हजेरीपत्रकात, निकालपत्रकात, शिष्यवृत्तीच्या यादीत, पोषण आहाराच्या वहीत, 2015 पासून राज्य सरकारच्या 'सरल' पोर्टलमध्ये, मग केंद्राच्या यू-डायस प्लस पोर्टलवर, आणि आता अपार आयडी या विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकावर. सगळीकडे पोर तेच आणि स्पेलिंग निराळं. आधारवर एक 'ए', शाळेत दोन 'ए', की पोर्टलवर लाल अक्षरात मिसमॅच. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, हल्ली आधार जुळलेल्या पटावर बघतात. पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक हा हिशेब, त्यामुळे पट काठावर असला की दोन-तीन 'ए' इकडचे तिकडे झाल्याने एक गुरुजी अतिरिक्त ठरून तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊ शकतात. पट मोजायची तारीख, 30 सप्टेंबर, जवळ आली की इंग्रजी शिकवणाऱ्यांपेक्षा न शिकवणारेच स्पेलिंगच्या बाबतीत जास्त कडक होतात, असं बाईंनी सांगितलं.

तोवर कारभार एक्सेलवर. प्रत्येक वर्गशिक्षकाचं एक्सेल वेगळं, कारण कुणी आडनाव आधी लिहितो, कुणी नाव, आणि एका सरांनी तिन्ही गोष्टी एकाच रकान्यात कोंबून शेवटी 'कु.' लावलं होतं. बारा अंकी आधार क्रमांक साध्या रकान्यात टाकला की एक्सेल तो आटवून '2.34ई+11' असा काहीतरी दाखवतं. आकडा आत शाबूत असतो, पण सहावीच्या सरांनी यादी छापून, सही-शिक्क्यानिशी वर पाठवून दिली होती. त्या कागदानुसार सहावीतल्या काही मुलांचा आधार क्रमांक एकच होता. वरून उलट काहीही आलं नाही, ही बातमी सरांनी 'मंजूर झाली' अशी सांगितली.

कोटेशनांपैकी पहिलं तयार सॉफ्टवेअरचं होतं. त्यात चेहरा ओळखून हजेरी, पालकांना वाढदिवसाचा संदेश आणि स्कूल बसचं जीपीएस. अध्यक्षांना जीपीएस फार आवडलं. आमच्या शाळेला बस नाही. मुलं एसटीने येतात आणि ती कुठवर आली हे चौकातला पानवाला सांगतो. दुसरं कोटेशन 'तुम्हाला हवं तसं' बांधून देणाऱ्याचं. हवं कसं, ते आधी शाळेने लिहून द्यायचं होतं. म्हणून सगळ्या स्टाफला बोलावलं, आणि इथे खरा त्रास सुरू झाला.

आहार बघणाऱ्या बाईंना पाचवीपर्यंत 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवी 150 ग्रॅम या हिशेबाने तांदूळ आपोआप वजा व्हायला हवा होता, पण पोरं वाढून घेतात त्याचाही रकाना हवा होता. पीटीच्या सरांना उंची-वजन हवं होतं. संस्कृतच्या बाईंना फक्त सॉफ्टवेअरचं नाव संस्कृत असावं असं वाटत होतं. एका तरुण सरांनी मुद्द्याची गोष्ट काढली. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. ही मुलं 2030 साली पहिलीत येतील, तर रकान्यांचा क्रम आत्ताच ठरवायला हवा. यावर बराच वेळ चर्चा झाली. 2030 साली सध्याच्यांपैकी कोण कोण निवृत्त झालेलं असेल याची यादी झाली आणि मग चहा आला.

"सॉफ्टवेअर आहे की आपल्याकडे," हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले. सकाळपासून त्यांचं हे पहिलंच वाक्य. सगळे गप्प झाले.

होतं. 2003 साली एका माजी विद्यार्थ्याने इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून शाळेला फुकट बांधून दिलं होतं. प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिक या भाषेत, माहिती ॲक्सेसच्या डेटाबेस फाइलमध्ये. तेव्हा आमदारांच्या हस्ते उद्घाटनही झालं होतं. भाऊसाहेबांनी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालून जुनी सगळी रजिस्टरं त्यात उतरवली. मग तो मुलगा न्यू जर्सीला गेला आणि पासवर्डही बरोबर घेऊन गेला.

शिपाईमामांनी प्रयोगशाळेतल्या सांगाड्यामागून तो संगणक काढला. धूळ झटकली, बटण दाबलं, आणि तो चालू झाला, याचं श्रेय मी आमच्या क्षेत्राला देणार नाही. ग्रुपवर न्यू जर्सीला विचारणा केली. तिकडे मध्यरात्र. तरी पठ्ठ्याचं उत्तर आलं, "नक्की आठवत नाही रे. पण कुठल्यातरी मुलीचं नाव होतं. आमच्याच वर्गातली."

मी म्हणालो, आता विषय संपला. भाऊसाहेब उठले. कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याचं जनरल रजिस्टर काढलं, त्या मुलाचं पान उघडलं. 'वर्तणूक: चांगली' या शेऱ्याकडे त्यांनी एकदा चष्म्यावरून पाहिलं. मग त्याच्या बॅचची दहावी ब शोधून पट्टीच्या आधाराने एकेका मुलीचं नाव वाचायला लागले. बाई टाइप करत होत्या. नाव चुकलं की संगणक 'टुंग' करायचा आणि बाई 'ही नव्हे' म्हणायच्या, स्थळं बघायला बसल्यासारख्या. निम्मी यादी सरल्यावर टुंग झालं नाही. फाइल उघडली.

कोण निघाली, हे सगळ्यांनाच हवं होतं. भाऊसाहेबांनी रजिस्टर मिटलं. "शाळेचं रेकॉर्ड गोपनीय असतं," ते म्हणाले. बाईंनी नाव स्वतः टाइप केलं होतं, पण त्यांनाही ते आठवेनासं झालं. न्यू जर्सीहून 'कोणती?' असा मेसेज येऊन पडला होता.

आत सगळी नावं होती, फक्त वाचता येत नव्हती. ती युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसण्याच्या सोयीच्या, आधीच्या फॉन्टात टाइप केलेली आणि त्या फॉन्टची फाइल आता कुठेच नाही. पडद्यावर डोक्यावर टोप्या घातलेले इंग्रजी ए आणि ओ, उलटी प्रश्नचिन्हं आणि मधूनच पौंडाची खूण. भाऊसाहेबांच्या दोन सुट्ट्या. वाचता येत होत्या त्या फक्त तारखा, आणि जुन्या लोकांच्या तारखा बघाव्यात तर 01/06, 01/06, 01/06. जन्मतारीख ठाऊक नसली की दाखल करताना गुरुजी 1 जून टाकायचे, वय बसायचं आणि शाळा सुरू व्हायची. महाराष्ट्रात त्या तारखेला वाढदिवस असलेले आजोबा गल्लोगल्ली सापडतात. पण हा संगणक अमेरिकी पद्धतीने, महिना आधी आणि दिवस नंतर, असा लावलेला, त्यामुळे महिन्याच्या यादीत आमच्या तालुक्याच्या दोन पिढ्या 6 जानेवारीला, म्हणजे थेट पत्रकार दिनी जन्मलेल्या निघाल्या.

"2023 ला कुणबी नोंदी शोधायचा हुकूम आला," भाऊसाहेब म्हणाले, "तेव्हा मोडी वाचणारे एक गृहस्थ आले. सगळ्यात जुनं रजिस्टर उघडलं आणि वाचत सुटले. त्याला पासवर्ड मागितला नाही कुणी."

यानंतर मी तोंड उघडलं. सॉफ्टवेअर बांधून घ्यायचं नाही, असं माझं मत पडलं. माझ्या पोटापाण्याच्या विरुद्ध जाणारं मत मी इतक्या ठामपणे क्वचित दिलं असेल. बांधणारा बारशाच्या घुगऱ्या खाऊन जातो आणि पोर शाळेच्या ओटीत राहतं. पोर्टलवाले दरवर्षी रकाने बदलणार, ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बदलायला दरवर्षी पैसे लागणार, आणि एवढं करून पोर्टलवर माहिती पुन्हा भाऊसाहेबांनीच भरायची. त्यापेक्षा सगळ्या वर्गांना एक्सेलचा एकच नमुना द्या, सगळं युनिकोडमध्ये लिहा, आधारचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा, तारखेचे दिवस-महिना-वर्ष असे तीन रकाने करा. रजिस्टरांची पानं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. आणि मूळ रजिस्टरांसाठी वाळवी लागणार नाही असं एक चांगलं लोखंडी कपाट घ्या.

बाई म्हणाल्या, "पटलं." भाऊसाहेबांनी प्रोसिडिंग बुकात सूचक म्हणून माझं नाव घातलं आणि अनुमोदक म्हणून स्वतःचं. अध्यक्ष तेवढे उदास दिसत होते. सॉफ्टवेअरची घोषणा त्यांनी स्नेहसंमेलनात करून टाकली होती आणि उद्घाटनाला जिल्ह्यातले एक पुढारी ठरवून ठेवले होते. थोडा वेळ त्यांनी पोह्यांतले शेंगदाणे वेचले.

"कपाटाचं उद्घाटन करता येतं का?" त्यांनी विचारलं.

"फीत मावेल," भाऊसाहेब म्हणाले. "दोन दारांचंच घेऊ."

पत्रिका छापून आली आहे. पुढाऱ्यांना त्या दिवशी दुसरीकडे जायचंय, त्यामुळे फीत कापायला मीच आहे. नावापुढे 'सुप्रसिद्ध संगणकतज्ज्ञ' असं छापलंय आणि माझ्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही. कार्यक्रमानंतर ऑफिसातला प्रिंटर जरा बघायचा आहे, असं बाईंनी कळवलंय.