"अ‍ॅट्रिब्यूट काढायला रेजेक्स पुरते" या मेसेजला माझं उत्तर

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो आधी पणजीच्या मित्राने पाठवला, मग मडगावहून आला, आणि काल म्हापशाच्या एका कॉलेजच्या पोराने पाठवून विचारलं, दादा हे बरोबर आहे का, मी प्रोजेक्टमध्ये असंच करू का? तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे, कारण शिकणारी पोरं हे खरं मानून चाललीयत.

नवख्यांसाठी आधी चार शब्द: एचटीएमएल म्हणजे वेबपान ज्या टॅगांनी लिहितात ती भाषा, अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे टॅगच्या आतली नाव-व्हॅल्यूची जोडी (जसं एचरेफ, म्हणजे लिंकचा पत्ता), रेजेक्स म्हणजे टेक्स्टमध्ये ठरावीक नमुना शोधायचं सूत्र, आणि पार्सर म्हणजे एचटीएमएल नियमाप्रमाणे वाचून देणारा प्रोग्राम. मेसेजचा सार असा. एचटीएमएलमधून एखाद्या अ‍ॅट्रिब्यूटची व्हॅल्यू काढायला पार्सर लावणं म्हणजे डास मारायला तोफ. अ‍ॅट्रिब्यूट नेहमी नाव, बरोबरचं चिन्ह, कोट, व्हॅल्यू, कोट असंच असतं. कोटांच्या मधे दिसतं तीच व्हॅल्यू. रेजेक्स पार्सरपेक्षा फास्ट. पार्सरसाठी मोठी लायब्ररी घालावी लागते. आणि एचटीएमएल आपणच लिहिलेलं असेल तर काहीच बिघडत नाही. खाली नमुन्याची रेजेक्स दिलीय, एचरेफ="([^"]*)" अशी. या पोस्टमध्ये नावं देवनागरीत टाइप करतोय, चालवून बघताना कोडमधलं स्पेलिंग घाला.

पहिला मुद्दा, "नेहमी असंच असतं". नसतं हो. एचटीएमएलच्या स्टँडर्डमध्येच अ‍ॅट्रिब्यूट लिहायच्या चार पद्धती आहेत: डबल कोटात, सिंगल कोटात, कोटांशिवाय, आणि नुसतं नाव, व्हॅल्यूच नाही, जसं डिसेबल्ड किंवा चेक्ड. चारही व्हॅलिड आहेत, कुणाची चूक नाही. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस चालते, मधे नवी ओळ चालते, नाव कॅपिटलमध्ये लिहिलं तरी चालतं. मेसेजमधली रेजेक्स यातली एकच पद्धत ओळखते, बाकी तीन तिच्यासाठी नाहीतच, आणि ती एरर पण देत नाही, गप्प बसते.

मग लोक काय करतात, रेजेक्स "सुधारतात". मीही केलेलं आहे. काही वर्षांपूर्वी फोंड्यात बसून मी एका क्लायंटची होमस्टेची यादी जुन्या साइटवरून नव्या साइटवर नेत होतो, चाळीसेक घरं, प्रत्येकाच्या टॅगमध्ये मालकाचं आडनाव डेटा-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. जुन्या साइटवर कुठे सिंगल कोट, कुठे डबल, म्हणून मी लिहिलं: सिंगल किंवा डबल कोट, मग कोट सोडून काहीही, मग परत कुठलाही कोट. आठ-दहा घरं चेक केली, सगळी बरोबर, साइट लाइव्ह केली. डिसेंबरच्या सीझनच्या तोंडावर बार्देसमधल्या एका आंटीचा फोन आला, "पुता, म्हजें आडनांव खंय गेलें?" पान उघडून बघितलं तर त्यांच्या घराखाली मालक म्हणून एकच अक्षर होतं, डी.

इंग्रजीत डिसोझा कसं लिहितात ते आठवा. डी, वर अ‍ॅपॉस्ट्रॉफी, मग पुढचं. ती अ‍ॅपॉस्ट्रॉफी म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी सिंगल कोट. माझ्या रेजेक्सला वाटलं व्हॅल्यू संपली. डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा, ज्यांनी ज्यांनी आडनाव तसं लिहिलं होतं ते सगळे मालक माझ्या यादीत डी झाले होते, आणि मी चेक केलेल्या आठ-दहा घरांत नेमकं नाईक, गावडे, फर्नांडिस निघाले. आता ही चूक दुसऱ्या एखाद्या राज्यात कदाचित वर्षभर दिसली नसती, पण गोव्यात? इथे निम्म्या याद्यांमध्ये ही आडनावं असणारच. त्या आंटीने स्वतःचं घर नावानिशी साइटवर दिलं होतं आणि आम्ही तिला अर्धी करून ठेवली, हे मला आजही खटकतं.

ज्या कोटाने सुरू झालं त्याच कोटाने संपलं पाहिजे, असं बॅकरेफरन्स लावून लिहिता येतं, मान्य. तेही केलं. मग पुढची गोष्ट निघाली. लेझी लोडिंगमुळे (फोटो लागेल तेव्हाच आणायची पद्धत) फोटोंच्या टॅगमध्ये एसआरसी, म्हणजे फोटोचा पत्ता, पण होतं आणि डेटा-एसआरसी पण, एसआरसीमध्ये रिकामी करडी इमेज आणि डेटा-एसआरसीमध्ये खरा फोटो. रेजेक्स एसआरसी=" शोधते, आणि ही अक्षरं डेटा-एसआरसी=" च्या पोटातही आहेतच, त्यामुळे टॅगमध्ये जे आधी लिहिलं असेल ते मिळतं, काही घरांचा खरा फोटो आणि काहींचा करडा चौकोन. एका टॅगच्या टायटलमध्ये "म्हापसा > शिवोली > हणजूण" असा रस्ता लिहिला होता. कोटांच्या आत ते चिन्ह पूर्ण कायदेशीर आहे, पण "टॅग म्हणजे पहिल्या > पर्यंत" असं धरून चाललेली रेजेक्स म्हापशालाच थांबली आणि पुढची सगळी अ‍ॅट्रिब्यूट्स गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जुन्या डेव्हलपरने आदल्या वर्षीचे रेट काढून न टाकता कॉमेंटमध्ये घालून ठेवले होते, ब्राउझरला ते दिसत नाहीत, पाहुण्यांना दिसत नाहीत, पण रेजेक्सला कॉमेंट म्हणजे काय ते माहीतच नाही, तिला सगळं सपाट टेक्स्ट, त्यामुळे चार घरांना आदल्या वर्षीचा रेट लागला. स्क्रिप्टच्या आत स्ट्रिंग म्हणून लिहिलेल्या टॅगचंही हेच होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण आपल्या बाजूचे लोकही कधीकधी चुकीचं कारण देतात. "एचटीएमएल रेग्युलर भाषा नाही म्हणून रेजेक्सने जमणारच नाही" हे पाठ केलेलं वाक्य टॅगात टॅग असतो, नेस्टिंग असतं, तिथे लागू आहे. एकच सुटा टॅग हातात असेल तर त्यातल्या अ‍ॅट्रिब्यूट्सचं व्याकरण रेजेक्सच्या आवाक्यातलं आहे, त्यात नेस्टिंग नाही. अडचण आहे ती तो टॅग खरोखर टॅग आहे का हे ठरवण्यात: कॉमेंटमध्ये आहे, स्क्रिप्टमध्ये आहे, टेक्स्टएरियामध्ये आहे, की दुसऱ्याच अ‍ॅट्रिब्यूटच्या कोटात आहे. त्यासाठी पानाच्या पहिल्या अक्षरापासून वाचत यावं लागतं. स्टँडर्डमधल्या टोकनायझरला (पान अक्षर-अक्षर वाचून टॅग ओळखणारा भाग) यासाठी ८० स्टेट्स, म्हणजे वाचताना आपण कुठे आहोत याच्या अवस्था, आहेत. ८० स्टेट्सचं काम एका ओळीत बसवलं म्हणणाऱ्याने त्यातल्या बहुतेक सोडून दिलेल्या असतात.

दुसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो कळलेलाच नाही असं दिसतं. "कोटांच्या मधे दिसतं तीच व्हॅल्यू." नाही. कोटांच्या मधे असतो तो व्हॅल्यूचा लिखित मजकूर, आणि व्हॅल्यू म्हणजे ब्राउझरने तो वाचून एंटिटी (एखाद्या चिन्हाऐवजी लिहिलेला कोड) उलगडल्यावर जे हातात येतं ते.

बुकिंगची लिंक घ्या. एचरेफमध्ये लिहिलंय, /बुकिंग?दिवस=३&एएमपी;खोल्या=२. ब्राउझर &एएमपी; चं नुसतं & करतो आणि सर्व्हरला दिवस आणि खोल्या असे दोन पॅरामीटर जातात. रेजेक्सने उचललेली लिंक जशीच्या तशी पाठवली तर दुसऱ्या पॅरामीटरचं नाव होतं "एएमपी;खोल्या", सर्व्हर तो ओळखत नाही, आणि खोल्यांचा आकडा मिळाला नाही म्हणून डिफॉल्ट एक धरतो. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये लाल काही नाही, फक्त दोन खोल्या मागितलेल्या कुटुंबाला एक खोली.

मग म्हणाल, एक रिप्लेस लावतो. लावा. पुढे डबल कोटाची एंटिटी येईल, मग अ‍ॅपॉस्ट्रॉफीची, तीही कधी आकड्यात आणि कधी हेक्समध्ये. चोडण गावाचं नाव पोर्तुगीज पद्धतीने लिहिणारा माणूस ए वर तिल्द (लाटेसारखी खूण) देतो आणि जुन्या पानांवर ते अक्षर &एटिल्ड; अशा एंटिटीने लिहिलेलं सापडतं, ते उलगडलं नाही तर यादीत गावाच्या नावाच्या मधोमध हा कचरा. नावं असलेल्या अशा एंटिटी २,२०० हून जास्त आहेत. आणि नियमही सरळ नाहीत: कॉपीराइटची एंटिटी सेमिकोलनशिवाय लिहिली तर साध्या मजकुरात ब्राउझर तिचं © करतो, पण अ‍ॅट्रिब्यूटच्या आत तिच्या लगेच पुढे बरोबरचं चिन्ह किंवा इंग्रजी अक्षर-आकडा असेल तर करत नाही, मुद्दाम, कारण जुन्या लिंका मोडू नयेत. हा नियम कुठल्या रेजेक्समध्ये लिहिणार तुम्ही? पार्सर लिहिणाऱ्यांनी तो आधीच लिहून ठेवलाय.

डिसेबल्ड="फॉल्स" लिहिलं तरी बटण बंदच राहतं, कारण तिथे नाव असणं हीच व्हॅल्यू, हेही याच मुद्द्यात येतं.

तिसरा मुद्दा, "रेजेक्स फास्ट". छोट्या स्ट्रिंगवर, चांगली लिहिलेली असेल तर, असेलही. पण होमस्टेचं एक पान नेटवरून यायलाच पार्सिंगपेक्षा जास्त वेळ जातो, मग तिथे वाचवलं काय? आणि रेजेक्स स्लो होते तेव्हा कशी होते ते बघा. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो, ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट, ३४ मिनिटं बंद पडली, कारण एका पोस्टमध्ये सलग २०,००० च्या आसपास स्पेसेस होत्या आणि ओळीच्या टोकाच्या स्पेसेस कापणारी एक साधी रेजेक्स त्यावर पुन्हापुन्हा मागे जात बसली. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या साइट्सना संरक्षण देणाऱ्या कंपनीच्या फायरवॉलमधल्या एका नव्या नियमातल्या रेजेक्सने त्यांच्या जगभरातल्या सर्व्हरांचे सीपीयू शंभर टक्क्यांवर नेले, २७ मिनिटं. ही काही नवशिकी मंडळी नव्हती. "काहीही, मग बरोबर, मग काहीही" असं आपण अ‍ॅट्रिब्यूटसाठी जे सहज लिहून मोकळे होतो ना, तो त्याच जातीचा पॅटर्न. पार्सर बहुतेक वेळ पानातून एकदा पुढे जातो, त्याला मागे फिरून अंदाज बदलत बसायची गरज नसते.

चौथा, लायब्ररीचा. याला फार वेळ देत नाही. ब्राउझरमध्ये डॉमपार्सर बसवलेलाच आहे, एक किलोबाइटही घालावं लागत नाही, टेक्स्ट द्यायचं, क्वेरी सिलेक्टरने टॅग शोधायचा, गेट अ‍ॅट्रिब्यूट म्हणायचं. फक्त तात्पुरता डिव्ह बनवून त्याच्या इनर एचटीएमएलमध्ये परकं एचटीएमएल ओतू नका, तो डिव्ह पानावर लावला नसला तरी आतल्या इमेज लोड व्हायला लागतात आणि त्यांचे ऑनएरर (इमेज लोड झाली नाही तर चालणारा कोड) चालतात, डॉमपार्सरमध्ये तसं होत नाही. पायथनमध्ये एचटीएमएल पार्सर भाषेसोबतच येतो, ब्यूटिफुल सूप घेतलं तर अजून सोपं. गोव्यातल्या छोट्या साइट्स मात्र पीएचपी आणि वर्डप्रेसवर जास्त, म्हणून ते नीट सांगतो: वर्डप्रेस ६.२ पासून, म्हणजे २०२३ पासून, एचटीएमएल टॅग प्रोसेसर कोअरमध्येच आहे, नेमक्या याच कामासाठी केलेला, नेक्स्ट टॅग आणि गेट अ‍ॅट्रिब्यूट एवढंच वापरायचं. साध्या पीएचपीचा जुना डॉमडॉक्युमेंट मराठी-कोकणी मजकुराला धोक्याचा आहे, पानात कॅरेक्टर सेट सांगितला नसेल तर तो लॅटिन समजून देवनागरीचा पार चुथडा करतो, आपल्यातले बरेच जण तिथेच वैतागून रेजेक्सकडे वळलेले आहेत आणि तो वैताग मला समजतो. पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पीएचपी ८.४ मध्ये नवा एचटीएमएल ५ चा पार्सर आहे, आता ते कारणही उरलं नाही.

पाचवा, "आपलंच एचटीएमएल आहे". यात थोडं तथ्य आहे. स्वतःच्या पाच फाइलींमध्ये एखादी लिंक कुठे वापरलीय ते एडिटरमध्ये रेजेक्सने शोधा, मीही रोज शोधतो, तिथे उत्तर डोळ्याने बघणारा माणूस समोर असतो. पण साइट लाइव्ह झाली की एचटीएमएल आपलं राहत नाही. उद्या क्लायंट एडिटरमधून स्वतः मजकूर टाकतो, प्लगइन अपडेट होऊन अ‍ॅट्रिब्यूट्सचा क्रम बदलतो, मिनिफायर (फाइल लहान करणारं टूल) कोट काढून टाकतो, आणि कुणीतरी नाव लिहिताना अ‍ॅपॉस्ट्रॉफी देतो. त्या होमस्टेच्या साइटचं एचटीएमएल क्लायंटच्याच आधीच्या डेव्हलपरने लिहिलेलं होतं, बाहेरचं कुणाचंच नव्हतं.

म्हापशाच्या त्या पोराला मी काल रात्री हा एक टॅग पाठवला:

<ए डेटा-एचरेफ="/जुनी" टायटल="रायबंदर > चोडण" एचरेफ = '/फेरी?वेळ=७&एएमपी;गाडी=२' एचरेफ="/दुसरी">

ब्राउझर यात एचरेफ म्हणून /फेरी?वेळ=७&गाडी=२ देतो, कारण एकच अ‍ॅट्रिब्यूट दोनदा आलं तर पहिलं धरायचं आणि दुसरं टाकायचं असा नियम आहे. मेसेजमधली रेजेक्स आधी /जुनी देते, पुढे शोधायला लावलं तर /दुसरी देते, आणि फेरीची लिंक तिला सापडतच नाही. त्याने दोन्ही चालवून बघितलं आणि आज सकाळी स्क्रीनशॉट पाठवला, प्रोजेक्टमध्ये आता डॉमपार्सर घातलाय.