पाळत कुणावर?

नवरा किंवा बायकोने चोरून रेकॉर्ड केलेलं जोडीदाराचं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिला. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो वाद अजून मधूनच उसळतो. ‘आता घराघरांत हेरगिरी’ असं एक बाजू म्हणते. ‘ज्याने काही केलं नाही, त्याला भीती कसली?’ असं दुसरी. इंग्लंडात बसून हे वाचताना मला टपेन्स आठवते.

रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेरापुढे तिचंच टॉमी-टपेन्स बेरेसफर्ड हे जोडपं आपल्याकडे मागेच राहिलं. १९२२मध्ये, महायुद्धानंतर खिसे रिकामे असताना, दोघं पहिल्यांदा साहसात उतरतात. १९२९च्या कथांमध्ये लग्नाला सहा वर्षं झालीत, टपेन्सला घरी बसून कंटाळा आलाय, म्हणून ती दोघं लंडनमध्ये खासगी गुप्तहेर संस्था चालवायला घेतात. रहस्य म्हणून या कथा ख्रिस्तीच्या उत्तम कथांत बसत नाहीत, आणि १९७३ची शेवटची कादंबरी तर वाचवत नाही. खरी गंमत दोघांच्या जुगलबंदीत. १९४१च्या कादंबरीत टॉमीला बायकोपासून लपवून एका बोर्डिंग हाउसातली कामगिरी दिली जाते. ती दाराआडून सगळं ऐकते आणि नवरा पोचायच्या आत त्या बोर्डिंग हाउसात नाव बदलून हजर! चोरून ऐकलं खरं, पण नवऱ्याच्या विरोधात वापरायला नाही, त्याच्या जोडीने काम करायला. (बंगाली कथांमधला गुप्तहेर व्योमकेश बक्षी, त्याला सत्यवती तपासातच भेटली, पण लग्नानंतर ती बिचारी बहुतेक घरातच.)

मात्र त्याच काळात खऱ्या लंडनमधल्या खासगी गुप्तहेरांच्या पोटापाण्याचं एक मोठं साधन होतं दुसऱ्यांचे घटस्फोट. १९३७चा कायदा येईपर्यंत इंग्लंडात घटस्फोटासाठी जवळपास एकच कारण चालायचं, ते म्हणजे व्यभिचार, आणि तो सिद्ध करावा लागायचा. मग दोघांनाही सुटायचं असेल तर नवरा ब्रायटनच्या हॉटेलात भाड्याने आणलेल्या बाईसोबत रात्र काढल्याचं नाटक करायचा, सकाळी चहा घेऊन येणारी मोलकरीण दोघांना एका पलंगावर बघायची आणि कोर्टात साक्ष द्यायची. कायद्याला पुरावा हवा, म्हणून लोक पुरावा तयार करत.

आता इंग्लंड-वेल्समध्ये, एप्रिल २०२२पासून, लग्न मोडलंय एवढं एकाने लिहून दिलं तरी पुरतं. किमान २६ आठवडे थांबायचं, दोष कुणाचा हे सांगायचं नाही. ऑफिसात कुणाचा घटस्फोट झाला की बोलणं घराचं आणि मुलं कधी कुणाकडे याचं होतं. इथल्या मराठी मंडळींत मात्र पहिला प्रश्न अजून ‘चूक कुणाची?’ हाच.

भारतात हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीने घटस्फोट १९७६पासून मिळतो. अडतं ते एकाने नाही म्हटलं तर. मग क्रूरतेसारखं कारण सिद्ध करा. चार भिंतींआड जे चालतं, त्याला साक्षीदार कोण? सासू? घरात छळ सोसणाऱ्या बाईला फोनवरचं रेकॉर्डिंग हाच आधार असेल, तर ते नाकारा असं मी इथून कुठल्या तोंडाने सांगू? कायदा आहे तसा असताना निकाल मला पटतो. पण त्या खटल्यात रेकॉर्डिंग नवऱ्याने केलं होतं, बायकोचं, हेही ग्रुपवर कुणी बोलत नाही. ज्याच्या हातात घरातले पैसे आणि पासवर्ड, त्याला हे हत्यार जास्त सोपं.

एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ आली, हेच नातं तुटल्याचं लक्षण, असं न्यायालयानेच म्हटलंय. मग टेप हवी कशाला? लग्न पुरतं कोलमडलं, हे कारण हिंदू विवाह कायद्यात घाला, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८मध्येच केली होती. अजून ते कायद्यात नाही. घटनेच्या १४२व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालय तेवढं या कारणावर घटस्फोट देऊ शकतं. तिथवर पोचायची ऐपत किती जणांची असते, यावर ग्रुपवर भांडण झालं तर मीही उतरेन.